लिट्ल जॉन : अनुचर की सहकारी?

१

रॉबिन हूडच्या कथांचा अभ्यास ज्या संशोधकांनी केला, त्यांतील बहुतेकांचे लक्ष एकाच प्रश्नावर खिळून राहिले आहे. रॉबिन हूड या नावाचा पुरुष इंग्लंडात खरोखर होऊन गेला काय, हा तो प्रश्न होय. १२२६ च्या यॉर्कशर परगण्याच्या हिशेबांत रॉबर्ट हॉड नावाच्या एका फरारी इसमाची नोंद आढळते. १२६२ च्या दप्तरात बर्कशरमधील विल्यम नामक एका फरारी मनुष्याचे आडनाव लेखनिकाने ‘रॉबहॉड’ असे लिहून ठेवले आहे. अशा तुटपुंज्या नोंदींवर तर्काच्या मोठमोठ्या इमारती उभारल्या गेल्या आहेत. १२६२ च्या नोंदीवरून एक गोष्ट मात्र संभवनीय दिसते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे नाव फरारी गुन्हेगाराचे सामान्यनाम बनू लागले असावे. याहून पुढे जाण्यास पुरावा अनुमती देत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. रॉबिन हूडच्या शेजारी सतत उभा असलेला, परंतु संशोधनात बहुधा तळटीपेपुरताच उरलेला जो लिट्ल जॉन, त्याच्या व्यक्तिरेखेची घडण आणि तिच्यात सहा शतकांत झालेले पालट यांचा येथे विचार करावयाचा आहे. लिट्ल जॉन हा ऐतिहासिक पुरुष होता असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. जो पुरुष कदाचित कधीच जन्मला नाही, त्याच्याविषयी लोकांनी काय सांगितले, कोणत्या काळी सांगितले आणि सांगताना काय गाळले, हाही इतिहासाचाच विषय आहे. धनी आणि सेवक, नायक आणि सोबती यांचे नाते कसे असावे, याविषयी प्रत्येक पिढीची काही एक समजूत असते. लिट्ल जॉनच्या कथांतून ती समजूत वाचता येते, एवढेच आमचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम कालक्रम ध्यानात घेणे अवश्य आहे. आज लोकांना परिचित असलेल्या रॉबिनच्या परिवारातील कित्येक मंडळी फार उशिरा आलेली आहेत. मॅरियन ही मुळात फ्रेंच गोपगीतांतील नायिका होय. तेराव्या शतकाच्या अखेरीस आदाम द ला आल याने लिहिलेल्या नाट्यात ती व तिचा प्रियकर रॉबिन ही जोडी दिसते, परंतु त्या रॉबिनचा आपल्या रॉबिनशी काहीही संबंध नाही. फ्रायर टक याचे नाव १४१७ मध्ये ससेक्समधील एका गुन्हेगार धर्मोपदेशकाने धारण केलेले टोपणनाव म्हणून दप्तरात येते. जुन्या कथागीतांत तो नाही. सुरुवातीच्या कथांतून सातत्याने भेटणारे सोबती तीनच, लिट्ल जॉन, गिरणीवाल्याचा मुलगा मच्, आणि स्कॅथलॉक अथवा स्कार्लेट. या तिघांतही जॉनचे स्थान अनन्यसाधारण आहे.

स्कॉटलंडचा बखरकार अँड्र्यू ऑफ विंटन याने १४२० च्या सुमारास लिहिलेल्या पद्यमय बखरीत १२८३ या वर्षाखाली या दोघांचा उल्लेख केला असून इंगलवुड व बार्न्सडेल ही त्यांची क्षेत्रे सांगितली आहेत. तेथे लिट्ल जॉनचे नाव आधी आणि रॉबिनचे मागून येते. यावरून काही अभ्यासकांस जॉन हाच मूळचा अधिक प्रसिद्ध पुरुष असावा असे सुचविण्याचा मोह होणे शक्य आहे. परंतु हा क्रम यमकाच्या सोयीसाठी आला आहे, हे ती ओळ वाचताच ध्यानात येते. म्हणून त्यावर फार भार टाकणे युक्त नव्हे. तरीही एक गोष्ट निर्विवाद उरते. बखरकाराला ही नावे जोडीने ठाऊक होती व वाचकांनाही ती जोडीनेच ठाऊक असणार, असे त्याने गृहीत धरले होते.

यानंतर वॉल्टर बावर याने १४४० च्या दशकात आपल्या लॅटिन बखरीत १२६६ या वर्षाच्या संदर्भात, सायमन द माँफर्टच्या पराभवानंतर ज्यांच्या जमिनी जप्त झाल्या त्या लोकांच्या प्रसंगी, रॉबिन व लिट्ल जॉन यांना स्थान दिले. जॉन मेजर याने १५२१ च्या आपल्या इतिहासग्रंथात या दोघांना पहिल्या रिचर्डच्या काळात नेऊन बसविले. आजचे चित्रपट आणि मुलांची पुस्तके हाच काळ प्रमाण मानतात. तिघांचे काळ तीन, पण तिघांनीही जॉनला सोडले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक पुरावा मोठा मनोरंजक आहे. १४३२ मध्ये विल्टशरच्या पार्लमेंटविषयक एका अधिकृत कागदावर कोणा विनोदी लेखनिकाने नावांची अशी यादी रचली की, आडनावे ओळीने वाचली असता रॉबिन हूड हिरव्या रानात उभा होता व तो भला माणूस होता, अशा अर्थाचे वाक्य तयार व्हावे. त्याच यादीत लिट्ल जॉन, मच् आणि स्कॅथलॉक हेही हजर आहेत. सरकारी दप्तरात बसून लेखणी चालविणाऱ्या कारकुनाच्या जिभेवर ही नावे खेळत होती. या कथांचा श्रोता कोण होता, या पुढे येणाऱ्या वादात ही नोंद विसरता कामा नये.

३

आता प्रत्यक्ष कथांकडे वळू. उपलब्ध कथागीतांत सर्वांत जुने मानले जाणारे ‘रॉबिन हूड आणि मठवासी’ हे गीत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील, १४५० नंतरच्या एका हस्तलिखितात सापडते. नाव काहीही असो, या गीताचा खरा नायक लिट्ल जॉन आहे.

कथेचा सारांश असा. रॉबिनला नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये प्रार्थनेस जावयाचे आहे. मच् त्याला बारा माणसे बरोबर नेण्याचा सल्ला देतो, पण रॉबिन केवळ जॉनला घेऊन निघतो. वाटेत दोघे पैजेने बाण मारीत जातात. जॉन पाच शिलिंग जिंकतो. रॉबिन ते देण्याचे नाकारतो, जॉनला खोटा ठरवितो व त्याच्यावर हात उगारतो. तू माझा धनी नसतास तर या तडाख्याची किंमत तुला मोजावी लागली असती, असे सुनावून जॉन निघून जातो. एकटा रॉबिन चर्चमध्ये ओळखला जातो व पकडला जातो. ही वार्ता रानात पोहोचते तेव्हा इतर सोबती हाय खातात, जॉन मात्र स्थिर राहतो. तो व मच् मिळून, राजाकडे पत्रे घेऊन निघालेल्या त्या मठवाशाला वाटेत गाठतात, ठार मारतात आणि ती पत्रे स्वतःच राजाला नेऊन देतात. राजा खूश होऊन त्यांना वीस पौंड देतो व आपल्या खास सेवकांत त्यांची नेमणूक करतो. राजमुद्रा घेऊन जॉन नॉटिंगहॅमला येतो, शेरीफला मद्य पाजून निजवतो, तुरुंगाच्या रखवालदारास मारून रॉबिनला सोडवतो.

कथा येथे संपती तर ती एका स्वामिनिष्ठ सेवकाची साधी कथा ठरली असती. परंतु खरा प्रसंग यापुढे आहे. रानात परतल्यावर जॉन रॉबिनला बजावतो की, वाईटाच्या बदल्यात मी तुझे भले केले आहे, आता हिशेब चुकता झाला, येतो मी. रॉबिन त्याला थांबवून साऱ्या टोळीचे धनीपद देऊ करतो. जॉन ते नाकारतो. त्याला धनी व्हावयाचे नाही, केवळ ‘फेलो’ म्हणजे बरोबरीचा सोबती म्हणून राहावयाचे आहे.

या एका शब्दावर सारी कथा तोलली आहे. पंधराव्या शतकाच्या इंग्रजीत ‘मास्टर’ आणि ‘फेलो’ हे केवळ सौजन्याचे शब्द नव्हते. पहिल्या शब्दाने हुकूम देण्याचा अधिकार सूचित होई, दुसऱ्याने समान हक्काची भागीदारी. कारागिरांच्या संघांत हे दोन्ही शब्द नित्य व्यवहारात होते. रॉबिनने ज्या क्षणी धनीपणाचा अधिकार गाजवून पैजेचे पैसे बुडविले, त्या क्षणी त्याने बरोबरीचा करार मोडला. जॉनचा राग पाच शिलिंगांसाठी नाही, या मोडलेल्या करारासाठी आहे. पुढे त्याला धनीपद देऊ केले जाते तेव्हा तो ते स्वीकारत नाही, कारण धनी बदलल्याने प्रश्न सुटत नाही. नातेच बदलावे लागते.

या कथेची एक काळी बाजूही आहे व ती झाकणे इतिहासाला शोभणारे नाही. मठवाशाबरोबर एक अल्पवयीन चाकर होता. त्याने तोंड उघडू नये म्हणून मच् त्यालाही ठार करतो, आणि गीतकार त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. नंतरच्या बहुसंख्य पुनर्कथनांनी हा प्रसंग गुपचूप गाळला आहे. ज्या निष्ठेचा येथे गौरव होतो, ती टोळीच्या आत अतिशय उदात्त आणि टोळीच्या बाहेर निर्दय आहे. हे दोन्ही एकाच गीतात एकत्र नांदतात आणि त्या काळच्या श्रोत्यांना त्यात विसंगती वाटली नाही, ही वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे.

कथेच्या अखेरीस राजाला सारे कळते. आपण फसलो, शेरीफही फसला, हे तो कबूल करतो, पण जॉन आपल्या धन्याशी जसा एकनिष्ठ आहे तसे माणूस आपल्याला लाभणे कठीण, असे म्हणून प्रकरण तेथेच मिटवतो. राजाच्या मुखी हे उद्गार घालणारा गीतकार मोठा धूर्त असला पाहिजे. ज्याने राजाच्या सेवेची वस्त्रे घालून राजालाच फसविले, त्याची सेवानिष्ठा राजाने वाखाणावी, यातील उपरोध श्रोत्यांच्या नजरेतून सुटला नसावा.

४

‘मठवासी’ गीतातील कलहाचा प्रसंग एकाकी नाही. ‘रॉबिन हूड आणि गाय ऑफ गिझ्बर्न’ या गीतातही तशीच घटना आहे. हे गीत सतराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ज्या हस्तलिखितात मिळते, ते थॉमस पर्सी यांना श्रॉपशरमध्ये एका मित्राच्या घरी सापडले. दासी त्याची पाने शेगडी पेटविण्यासाठी वापरीत होत्या. पर्सी यांनी हे गीत १७६५ मध्ये प्रसिद्ध केले. हस्तलिखित उत्तरकालीन असले तरी कथा बरीच जुनी आहे, असे अभ्यासक मानतात.

यात घोड्याचे कातडे पांघरलेला एक अनोळखी पुरुष रानात दिसतो. मी पुढे जाऊन चौकशी करतो, असे जॉन सुचवितो. रॉबिनला हा अपमान वाटतो, कारण माणसे पुढे धाडून आपण मागे राहणारा भित्रा म्हणून आपली गणना होईल असे त्याला वाटते. शब्दाने शब्द वाढतो व जॉन रागाने बार्न्सडेलकडे निघून जातो. तेथे त्याचे धनुष्य मोडते व शेरीफ त्याला पकडून झाडाला बांधतो. इकडे रॉबिन गायला मारून त्याचाच वेश घेतो, येऊन जॉनला सोडवतो आणि गायचे धनुष्य त्याच्या हाती देतो. पळणाऱ्या शेरीफला जॉनचा बाण गाठतो.

दोन्ही गीते शेजारी ठेवून पाहिली असता त्यांची जुळणी स्पष्ट होते. दोन्हींत क्षुल्लक कारणावरून भांडण, दोन्हींत वियोग, दोन्हींत वियोगामुळे संकट. पहिल्यात रॉबिन सापडतो व जॉन सोडवतो, दुसऱ्यात जॉन सापडतो व रॉबिन सोडवतो. उपकाराची अशी तंतोतंत परतफेड सेवक आणि स्वामी यांच्या कथेत सहसा नसते, ती बरोबरीच्या मित्रांच्या कथेत असते. ‘रॉबिन हूड आणि कुंभार’ या गीतात तर रॉबिन कुंभाराशी झालेल्या झुंजीत हरतो आणि चाळीस शिलिंगांची पैज जॉन जिंकतो. कुंभाराचे तडाखे त्याने आधीच खाल्लेले असल्याने निकाल त्याला ठाऊक होता.

रॉबिनच्या मृत्यूच्या गीतातही हीच पार्श्वभूमी आहे. रॉबिन आजारी असून कर्कलीझच्या मठात रक्तमोक्षणासाठी निघतो. स्कार्लेट पुष्कळ माणसे नेण्याचा सल्ला देतो, रॉबिन एकट्या जॉनला नेतो आणि वाटेत दोघे पुन्हा पैजेने बाण मारतात. मठाची मुख्य साध्वी विश्वासघाताने रॉबिनचे रक्त वाहू देते. जॉन मठ जाळण्याची परवानगी मागतो, मरता रॉबिन ती नाकारतो. सूड घेण्याची ताकद असलेला माणूस सोबत्याच्या शब्दाखातर हात आवरतो, येथे ही मैत्री तिच्या शेवटाला पोहोचते.

५

पंधराव्या शतकातील निरनिराळ्या कथा गुंफून तयार झालेले व सोळाव्या शतकाच्या आरंभी छापले गेलेले ‘रॉबिन हूडचे गेस्ट’ हे ४५६ कडव्यांचे दीर्घकाव्य आहे. रॉबिनच्या टोळीची आचारसंहिता यात येते. कोणाला लुटावे, कोणाला सोडावे, हे विचारतो लिट्ल जॉन. नांगर धरणारा शेतकरी, भला योमन, सज्जन सरदार यांना हात लावू नये, बिशप, आर्चबिशप व शेरीफ यांना सोडू नये, असे उत्तर रॉबिन देतो. प्रश्न जॉनचा नसता तर उत्तरही मिळाले नसते, हे लक्षात ठेवावे.

या काव्यातील सर्वांत अर्थपूर्ण उपकथा म्हणजे जॉनची शेरीफकडील चाकरी होय. जॉनची धनुर्विद्या पाहून शेरीफ त्याला वर्षाला वीस मार्क वेतनावर ठेवून घेतो. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोनतृतीयांश हिस्सा, म्हणजे ही रक्कम तेरा पौंडांहून थोडी अधिक भरते. जॉन आपले नाव रेनल्ड ग्रीनलीफ असे सांगतो. मालकाला मिळालेला सर्वांत वाईट चाकर आपण ठरू, असा त्याचा मनातला निश्चय असतो. एके दिवशी शेरीफ शिकारीस गेला असता जॉनला जेवण नाकारले जाते, कारण धनी आल्याखेरीज वाढण्याची रीत नाही. जॉन दार मोडून कोठारात शिरतो, पोटभर खातो व आचाऱ्याशी झुंजतो. आचाऱ्याचे कसब पाहून तो त्याला आपल्याबरोबर रानात येण्याचे आमंत्रण देतो, आणि रॉबिनकडून काय मिळेल ते सांगतो. वर्षातून दोनदा नवे कपडे आणि वीस मार्क.

हा आकडा पुन्हा पाहावा. शेरीफ वीस मार्क देतो व रॉबिनही वीस मार्कच देतो. दोघांच्या सेवेत द्रव्याचा फरक मुळीच नाही. फरक आहे तो पंगतीचा. शेरीफच्या घरी चाकर उपाशी राहतो, रॉबिनच्या रानात सगळे एकत्र जेवतात. पुढे फसवून रानात आणलेल्या शेरीफला त्याच्याच चांदीच्या ताटात वाढले जाते, तेव्हा हा मुद्दा अधिकच ठसतो.

या उपकथेचा ऐतिहासिक अर्थ समजण्यास त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १३४८-४९ च्या महामारीनंतर मजुरांची टंचाई झाली, वेतने चढू लागली. १३५१ च्या मजूरविषयक कायद्याने वेतने गोठविण्याचा आणि मुदतीपूर्वी चाकरी सोडणाऱ्यास शिक्षा देण्याचा प्रयत्न झाला. दुसरीकडे बडे सरदार वार्षिक तनखा व वस्त्रे देऊन माणसे पदरी बाळगीत. या प्रथेस आवर घालण्यासाठी १३९० पासून निर्बंध येऊ लागले. अशा समाजात चाकरी हा पैसा, प्रतिष्ठा आणि निष्ठा या तिन्हींचा करार होता व तो कोण मोडतो हा रोजचा, जिव्हाळ्याचा प्रश्न होता. ‘गेस्ट’च्या रचनाकाराने रॉबिनला एका लहानशा सरदाराप्रमाणे तनखा व वस्त्रे देणारा धनी बनविले आहे. तरीही काव्याच्या अखेरीस रॉबिन राजदरबारी राहू लागतो व त्याचे द्रव्य संपत जाते, तेव्हा त्याचे सारे लोक एकेक करून पांगतात. उरतात ते दोघेच, लिट्ल जॉन आणि स्कॅथलॉक. वेतनाने बांधलेला माणूस आणि स्नेहाने बांधलेला माणूस यांतील भेद कवीने असा दाखविला आहे.

त्याच काव्यात नॉटिंगहॅमच्या धनुर्विद्येच्या स्पर्धेनंतर जॉनच्या गुडघ्यात बाण लागतो. मला शेरीफच्या हाती जिवंत सोडू नकोस, त्यापेक्षा माझे डोके उडव, अशी विनवणी तो रॉबिनला करतो. रॉबिन नकार देतो आणि मच् जॉनला पाठीवर घेऊन धावतो. ज्याची पुढे महाकाय म्हणून ख्याती झाली, त्याला गिरणीवाल्याचा पोर पाठीवर वाहून नेतो. जुन्या कथांना त्याच्या आकारमानाचे फारसे महत्त्व वाटत नसावे, असे यावरून दिसते.

६

या कथा कोणी कोणासाठी रचल्या, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यास विशेष रंगला. रॉडनी हिल्टन यांनी १९५८ मध्ये असे मत मांडले की, या गीतांत शेतकरीवर्गाचा जमीनदारांवरील रोष प्रकट झाला आहे. जे. सी. होल्ट यांनी १९६० मध्ये त्याचे खंडन केले. या गीतांत भूदास, खंड, वेठ यांचा उल्लेखच नाही, मग हे शेतकऱ्यांचे वाङ्मय कसे, असा त्यांचा सवाल होता. सरदारांच्या वाड्यांतील दिवाणखाने व तेथील सेवकवर्ग हे या गीतांचे खरे श्रोते होत, असे त्यांचे प्रतिपादन असून १९८२ च्या ग्रंथात त्यांनी ते विस्ताराने मांडले. मॉरिस कीन यांनी १९६१ मध्ये हिल्टन यांची बाजू उचलून धरली होती, परंतु पुढे त्यांनी आपले मत बदलले. रिचर्ड टार्डिफ यांनी १९८३ मध्ये नगरांतील कारागिरांकडे लक्ष वेधले.

आमच्या मते या वादात लिट्ल जॉनची साक्ष पुरेशी घेतली गेलेली नाही. रॉबिनकडे पाहिले तर तो शेतकऱ्यांचा कैवारी की छोटा सरदार, हा प्रश्न पडतो. जॉनकडे पाहिले असता निराळे चित्र दिसते. जॉन चाकरी करतो, धन्याची वस्त्रे घालतो, पत्रे पोहोचवितो, कापड मोजतो, पेटी उघडून पैसे मोजतो, कोठार ओळखतो. ही कामे शेतमजुराची नव्हेत, वाड्यातील मध्यम दर्जाच्या सेवकाची आहेत. इथवर होल्ट यांची बाजू बळकट होते. परंतु जॉनच्या मनातील गाऱ्हाणे वाड्यापुरते मर्यादित नाही. केलेल्या कामाचे मोल मिळावे, धन्याने हात उगारू नये, भुकेल्या पोटी कोणाची वाट पाहावी लागू नये, ही गाऱ्हाणी वाड्यातील सेवक, कारागिराच्या हाताखालचा माणूस आणि शेतमजूर या तिघांनाही सारखीच आपली वाटली असतील. १४३२ चा तो विनोदी लेखनिकही शेवटी कोणाचा तरी चाकरच होता. म्हणून या गीतांचा श्रोतृवर्ग जमिनीच्या मालकीवरून ठरविण्यापेक्षा चाकरीच्या समान अनुभवावरून ठरविणे अधिक सयुक्तिक होईल.

७

सोळाव्या शतकाच्या अखेरीस या नात्याला मोठी कलाटणी मिळाली. अँथनी मंडे याने १५९८ च्या सुमारास रचलेल्या व १६०१ मध्ये छापलेल्या दोन नाटकांत रॉबिन हा हंटिंग्टनचा उमराव झाला. नायक उमराव झाला की त्याच्या सोबत्याची पायरी आपोआप उतरते. योमन रॉबिनला योमन जॉन बरोबरीचा होता, उमराव रॉबिनला तो केवळ इमानी सेवक उरला. पैजेचे पाच शिलिंग मागणारा जॉन उमरावाच्या दिवाणखान्यात बसत नाही. म्हणून तो प्रसंगच कथेतून हळूहळू बाहेर पडला.

ही पोकळी एका नव्या कथेने भरून काढली. आज ज्या कथेवाचून लिट्ल जॉनची कल्पनाच करता येत नाही, ती अरुंद पुलावरील लाठ्यांच्या झुंजीची कथा जुन्या गीतांत कोठेही नाही. तिची संहिता १७२३ च्या एका छापील संग्रहात मिळते, जरी त्या नावाचे गीत सतराव्या शतकात प्रचारात होते. यात सात फूट उंचीचा जॉन लिट्ल रॉबिनला ओढ्यात पाडतो, मग टोळीत सामील होतो आणि समारंभपूर्वक त्याचे नाव उलटे करून लिट्ल जॉन असे ठेवले जाते.

या कथेने जॉनला काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावून घेतले, याचा विचार केला पाहिजे. तिने त्याला विजय दिला, तो रॉबिनहून बलवान ठरला. परंतु हा विजय कथेच्या पहिल्याच प्रसंगी येऊन संपतो. जुन्या गीतांत जॉनचा विरोध मैत्रीच्या मध्यभागी होता, नव्या कथेत तो मैत्रीच्या आधी आला. एकदा ओढ्यात पाडून झाले की त्याने पुढे कधीही धन्याला जाब विचारू नये, अशी जणू व्यवस्था झाली. त्याची बुद्धी मागे पडली व देह पुढे आला. राजाला फसविणारा चतुर पुरुष आता विनोदाचा विषय झालेला राक्षसदेही पुरुष बनला.

८

जोसेफ रिट्सन यांनी १७९५ मध्ये रॉबिनविषयक सर्व गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी आपल्या महासंग्रहात या वर्गातील ३८ गीते शास्त्रीय पद्धतीने संपादिली. म्हणजे जुनी गीते अभ्यासकांच्या हाती होती. तरीही पुनर्कथनकारांनी त्यांतून कोणते वेचले, हे पाहण्यासारखे आहे. वॉल्टर स्कॉट यांच्या १८२० सालच्या ‘आयव्हन्हो’ या कादंबरीत जॉन रंगभूमीवर येतच नाही, तो स्कॉटलंडच्या सीमेकडे गेलेला आहे. परंतु त्याच्याविषयी रॉबिन राजाजवळ जे बोलतो ते अर्थपूर्ण आहे. जॉनच्या स्पष्टोक्तीचा आपल्याला कधी कधी राग येतो, पण तिच्यामागे आपल्या हिताखेरीज दुसरा हेतू नाही हे आठवले की राग टिकत नाही, असा त्याचा आशय आहे. जुन्या गीतांचा मर्म जाणणाऱ्या स्कॉट यांनी त्या कलहाची स्मृती एवढ्या एका उद्गारात जपली.

अमेरिकन लेखक व चित्रकार हॉवर्ड पाइल यांच्या १८८३ च्या ग्रंथाने मुलांसाठी या कथांचे जे रूप ठरवून दिले, तेच पुढे जगभर पसरले. पुलावरील झुंज येथे ग्रंथाच्या आरंभी येते. शेरीफच्या चाकरीची कथाही पाइल यांनी घेतली, परंतु एक महत्त्वाचा बदल केला. जॉनने चोरून आणलेली चांदीची भांडी पाहून रॉबिन त्याच्यावर रागावतो व ती शेरीफला परत करतो. जुन्या काव्यात तो ठेवा सर्वांच्या आनंदाचा विषय होता. येथे धनी नीतिमान ठरतो व सेवक मर्यादा ओलांडणारा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील वाचकवर्गाला हीच मांडणी रुचणारी होती.

चित्रपटाने हे नाते आणखी सौम्य केले. ॲलन हेल या नटाने १९२२, १९३८ आणि १९५० अशा तीन चित्रपटांत लिट्ल जॉनची भूमिका केली. नायक प्रत्येक वेळी बदलला, जॉन तोच राहिला. १९७३ च्या डिस्नेच्या व्यंगपटात तो अस्वल झाला. २०१८ च्या चित्रपटात मात्र अनपेक्षित वळण आले. तेथे जॉन हा याह्या नावाचा मुसलमान योद्धा असून तो रॉबिनचा गुरू आहे. याह्या हे जॉन या नावाचेच अरबी रूप होय. कलाकृती म्हणून त्या चित्रपटाचे मोल काहीही असो, जॉनने रॉबिनला शिकवावे ही कल्पना जुन्या गीतांना परकी वाटली नसती.

९

लिट्ल जॉनच्या स्मृतीची स्थळे शोधणाऱ्यांनी त्याचा देह तीन देशांत पुरला आहे. हेक्टर बोईस याने १५२७ मध्ये स्कॉटलंडच्या मरे प्रांतात त्याचे हाड असल्याचे लिहून त्याची उंची १४ फूट सांगितली. १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडच्या वर्णनात डब्लिनच्या पुलावरून त्याने मारलेल्या बाणाची दंतकथा नोंदलेली आहे. डर्बीशरमधील हॅदरसेज येथील थडगे आज सर्वांत प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात इलायस ॲशमोल याने त्याची नोंद केली असून त्याचे धनुष्य चर्चमध्ये टांगलेले असल्याचेही लिहिले आहे. १७८४ मध्ये हे थडगे खणले गेले व त्यात एकोणतीस-तीस इंच लांबीचे मांडीचे हाड मिळाल्याचे सांगतात. हे सारे पुरावे म्हणून निरुपयोगी आहेत, कारण त्यांतील एकही नोंद कथा प्रसिद्ध होण्याच्या आधीची नाही. स्थळे कथेने निर्माण केली, स्थळांनी कथा नव्हे.

तरी हॅदरसेजच्या त्या थडग्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याची निगा राखणारी संस्था म्हणजे ‘एन्शंट ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स’ होय. हे १८३४ मध्ये या नावाने उभे राहिलेले परस्परसाहाय्यक मंडळ होते. कष्टकऱ्यांनी ठरावीक वर्गणी जमवावी, आजारपणात सभासदाला आधार द्यावा, मृत्यूनंतर अंत्यविधीचा खर्च उचलावा, हे त्याचे कार्य. उमरावाच्या इमानी सेवकाचे थडगे जपण्याचे अशा मंडळाला काही कारण नव्हते. धनीपद नाकारून बरोबरीच्या सोबत्याचा हक्क मागणाऱ्या पुरुषाचे थडगे जपण्याचे मात्र होते. नाटके, कादंबऱ्या आणि चित्रपट यांनी जॉनला अनुचर बनविले, तरी ज्यांना चाकरीचा अनुभव होता त्यांच्या स्मृतीत तो सहकारीच राहिला, असा निष्कर्ष यावरून काढण्यास हरकत नसावी. अनुचराचा इतिहास लिहिताना नायकाच्या उंचीवरून खाली पाहण्याची सवय टाकली, तर अशा आणखी कित्येक व्यक्तिरेखांचे मूळ रूप हाती लागण्याचा संभव आहे. तरुण अभ्यासकांनी या दिशेने प्रयत्न करून पाहावा.